अंगठा राहिला! शाळेत, कामावर आणि घरी हात नीट कसे धुवायचे

एक खेळ सांगते, आजच करून पाहा. मुलांच्या दप्तरातला पोस्टर कलर घ्या, निळा असेल तर उत्तम. चमचाभर रंग तळहातावर ओता, डोळे मिटा आणि रोज साबण लावून हात चोळता तसे चोळा. झालं असं वाटलं की डोळे उघडा. जिथं रंग लागलाय तिथं तुमचा साबण रोज पोचतो. जिथं कातडी कोरी आहे तिथं पोचत नाही.

तीसेक वर्षं पुण्यात नर्स म्हणून नोकरी केली, त्यातली शेवटची काही संसर्ग नियंत्रणात. निवृत्त झाल्यापासून शाळा, सोसायट्या, कारखाने, जिथं बोलावतील तिथं ही रंगाची बाटली घेऊन जाते. निकाल जवळपास ठरलेला असतो. तळहात निळेशार. बोटांची टोकं कोरी, नखांच्या कडा कोऱ्या, आणि अंगठे तर जणू दुसऱ्याच कोणाचे. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांचा उजवा अंगठा हमखास राहतो, कारण उजवा हात डाव्याला जोरात चोळतो आणि डावा परतफेड करायला आळस करतो. वरणभात कालवायला, भाकरीचा तुकडा मोडायला आपण काय वापरतो? ही बोटांची टोकं आणि हाच अंगठा.

आणखी एक सवय तपासा. जेवण झाल्यावर आपण साबण लावून हात धुतो, वास घेऊन पाहतो, पुन्हा धुतो. हाताला तेल लागलेलं असतं, खरकटं असतं, ते डोळ्यांना दिसतं. जेवायला बसण्याआधी मात्र बोटं पाण्याखाली धरली, झटकली, की झालं. खरं तर साबणाची गरज आधी जास्त आहे. नंतरचे हात फक्त तेलकट असतात.

आधी बेसिनकडे बघा, मग हाताकडे

स्वाइन फ्लूच्या साथीत, ऑगस्ट २००९ मध्ये, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या आणि अख्खं शहर हात धुऊ लागलं. ९ मार्च २०२०ला राज्यातला कोरोनाचा पहिला रुग्णही इथंच सापडला आणि पुन्हा तेच. दोन्ही वेळा पुणेकर महिनोन्‌महिने हात धुत होते आणि दोन्ही वेळा साथ ओसरली तशी सवय ओसरली. लोक विसरले असं मी म्हणणार नाही. साबण संपला आणि कोणी नवा ठेवला नाही, इतकंच झालं.

म्हणून शाळेत किंवा ऑफिसात गेले की मी पहिली दहा मिनिटं भाषण देत नाही, नळ बघते. नळाला धार आहे का? साबण हात लांबवला की मिळतो की कपाटात कुलुपात आहे? हात पुसायला काही आहे का? या तिन्हीपैकी एक जरी नसलं तर भिंतीवरचं पोस्टर शोभेपुरतं.

साबण कुठलाही चालतो, हे आधी सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच असतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हातावरचं तेल, मळ आणि त्यात अडकलेले जंतू चोळल्यावर सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. फ्लूच्या आणि कोरोनाच्या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं, साबण तेही फोडतो. यासाठी महागडं 'जंतुनाशक' असं छापलेलं काही लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांत वापरायला मनाई केली. साध्या साबणापेक्षा ते जास्त उपयोगी आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नव्हतं.

वडी ठेवत असाल तर खाली जाळीची साबणदाणी हवी. पाण्यात लोळणारी वडी लवकर विरघळते आणि तिला हात लावावासा वाटत नाही. पातळ साबणाची बाटली असेल तर एक पथ्य पाळा. तळाशी थोडा उरलेला असताना वरून नवा ओतत जाऊ नका. बाटली पूर्ण रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. वर्षानुवर्षं भर घातलेल्या बाटलीच्या तळाशी जंतू सुखाने राहतात, मी ते प्रयोगशाळेच्या अहवालात पाहिलेलं आहे.

पाणी गार की गरम याने फरक पडत नाही, तुमच्या सोयीचं घ्या. फरक पडतो तो पाण्याच्या जडपणाने. खडकवासल्याचं पाणी वापरणाऱ्यांना कळणार नाही, पण वाघोली-उंड्रीकडे बोअर आणि टँकरवर राहणाऱ्यांना ठाऊक आहे: वडी घासून घासून दमलं तरी फेस येत नाही, नुसता पांढरा साका बसतो. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तो प्रताप. तिथं पातळ हँडवॉश घ्या, त्याचा फेस जड पाण्यातही बऱ्यापैकी होतो.

आता हात

बाही वर करा. अंगठी, घड्याळ, सैल बांगड्या काढून ठेवा. ज्या काढता येत नाहीत त्या कोपराकडे सरकवून धरा. मनगटावरचे गंडे-दोरे हा नाजूक विषय आहे, श्रद्धेचा आहे, पण महिनोन्‌महिने ओला राहिलेला दोरा म्हणजे मळाचं पोतं. स्वयंपाक करणाऱ्याने किंवा रुग्णाची सेवा करणाऱ्याने तो गळ्यात घालावा, दंडावर बांधावा, मनगटावर नको.

हात ओले करा आणि नळ बंद करा. हे पुण्यात वेगळं सांगायला नको, तरी सांगते. घरी एकदा नळाखाली बादली ठेवून मोजलं, मिनिटाला सहा लिटर पाणी पडत होतं. चोळताना वीस सेकंद नळ चालू ठेवला तर दोन लिटर पाणी कोणाच्याही हाताला न लागता गटारात जातं.

साबण घ्या. दोन्ही हातांना पुरेल इतका, म्हणजे फेस मनगटापर्यंत गेला पाहिजे. आता पुढचा क्रम लक्षात ठेवायला आपल्याकडे 'सुमन-के' असं एक सूत्र आहे, अनेक शाळांत आणि रुग्णालयांत बेसिनवर लावलेलं दिसेल. मूळ हिंदी असलं तरी पहिली पाच अक्षरं मराठीतही नेमकी बसतात.

स म्हणजे सरळ. तळहातावर तळहात ठेवून चोळा. हे सगळ्यांना येतं.

उ म्हणजे उलट. उजवा तळहात डाव्या हाताच्या पाठीवर ठेवा, बोटं बोटांत अडकवा आणि पुढे-मागे चोळा. मग हात बदला. त्यानंतर तळहात समोरासमोर आणून पुन्हा बोटं अडकवा, म्हणजे बेचकी दोन्ही बाजूंनी साफ होतात. बोटांच्या बेचक्यांत साबण जातोय असं आपल्याला नुसतं वाटत असतं. पोस्टर कलर वेगळंच सांगतो.

म म्हणजे मूठ. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत आकड्यासारखी गुंतवा आणि बोटांची पाठ समोरच्या तळहातावर घासा.

अ म्हणजे अंगठा. डावा अंगठा उजव्या मुठीत धरा आणि स्कूटरचा ॲक्सिलरेटर पिळतो तसा पिळा. मुळापर्यंत. मग उजवा अंगठा डाव्या मुठीत, आणि इथं कंजुषी नको. पुण्यातल्या मुलांना हे ॲक्सिलरेटरचं उदाहरण एकदा दिलं की पुन्हा सांगावं लागत नाही, वर्गभर इंजिनांचे आवाज सुरू होतात.

न म्हणजे नखं. पाचही बोटांची टोकं जुळवा आणि दुसऱ्या तळहातावर गोल गोल घासा, जणू तळहातावर मीठ चुरताय. नखं वाढलेली असतील तर याचा निम्मा उपयोग वाया जातो. दर आठवड्याला कापा. मेंदीची अडचण नाही. टवके उडालेल्या नेलपॉलिशची आहे.

आणि के. हा मात्र हिंदीतल्या 'कलाई'चा, म्हणजे मनगटाचा. आमच्या पिढीला कलाई ऐकलं की पितळेच्या भांड्यांची कल्हई आठवते, म्हणून मी हे अक्षर दोनदा समजावते. मनगट दुसऱ्या हाताने धरून गोल फिरवा, दोन्ही.

हे सगळं चोळणं किमान वीस सेकंद चालायला हवं. घड्याळ बघत बसू नका, बेचा पाढा म्हणा. शाळेत म्हणायचो तसा, लय धरून, घाई न करता. बे दाहे वीस म्हणेपर्यंत वीस सेकंद होतात, आणि शेवटचा आकडाही वीसच. ओलं करण्यापासून पुसण्यापर्यंत सगळं मिळून जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद धरते.

धुताना बोटं खाली ठेवा, पाणी मनगटाकडून बोटांकडे वाहू द्या, फेसाचा मागमूस राहू नये. मग पुसा. पुसणं हा शिष्टाचार नाही, ते कामच आहे. ओल्या हाताला जंतू कोरड्यापेक्षा फार सहज चिकटतात आणि ओल्या हातावरून तितकेच सहज दुसरीकडे जातात. पँटला हात पुसले तर धुतलं-न-धुतलं सारखंच. सार्वजनिक ठिकाणी कागदी रुमाल असेल तर त्याच कागदाने नळ बंद करा, कारण नळ उघडला तेव्हा तुमचे हात अस्वच्छ होते.

शाळेत

इथं थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त गणित इथंच चुकतं.

समजा मधल्या सुट्टीत ३०० मुलांनी हात धुवायचे आहेत आणि नळ आहेत दहा. प्रत्येकाला एक मिनिट धरलं तर शेवटचं मूल अर्ध्या तासाने नळापाशी पोचणार. तेवढी तर सुट्टीच असते. मग काय होतं? पहिल्या दोन रांगा हात धुतात, बाकीची पँटला पुसून डब्यावर बसतात, आणि बाई म्हणतात मुलं ऐकत नाहीत. मुलांनी काय करावं?

उपाय साधा आहे. नळ फक्त ओलं करायला आणि धुवायला लागतो, चोळायला नाही. मुलाला पाच सेकंद नळापाशी द्या, मग साबण घेऊन त्याला बाजूला उभं करा, तिथं सगळ्यांनी मिळून बेचा पाढा म्हणायचा, आणि मग दहा सेकंदांत हात धुऊन पुढे. नळापाशी एका मुलाचे पंधरा सेकंद झाले. ३०० मुलं, दहा नळ: साडेसात मिनिटं. एका शाळेत हे पहिल्यांदा केलं तेव्हा शिपाईमामा माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, एवढंच होतं तर आम्ही चार वर्षं ओरडत का होतो?"

नवीन नळ बसवायचे असतील तर एक लांब आडवा पाइप आणि त्याला ओळीने तोट्या, खाली उतार दिलेली मोरी, एवढं पुरे. उंची मात्र मुलांची घ्या, गवंड्याची नको. बालवाडीच्या मुलाच्या कमरेएवढी मोरी आणि त्याच्या हाताला सहज लागणारी तोटी. मी अशा शाळा पाहिल्यात जिथं पहिलीची मुलं टाचा उंचावून बोटांची फक्त टोकं भिजवतात आणि उरलेलं पाणी बाहीतून थेट काखेत जातं. थंडीत तर ती धुतच नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं.

साबण चोरीला जातो ही मुख्याध्यापकांची कायमची तक्रार. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत किंवा जुन्या स्वच्छ मोज्यात वडी घालून ती नळाच्या दांड्याला बांधा. जाळीवरून हात फिरवला की फेस येतो, वडी घरंगळत नाही आणि दप्तरातही जात नाही. बांगलादेशात आणखी स्वस्त युक्ती वापरली गेली: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवायची, बाटलीच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडायचं, दाबलं की साबणाचं पाणी येतं. बाटलीवर ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी पिईल. ज्या मुलांच्या हाताला यानं खाज सुटेल त्यांना साधी वडी द्या.

शालेय पोषण आहार असेल तिथं घंटा आहाराच्या दहा मिनिटं आधी द्या. खिचडीचं पातेलं समोर आलं की कोणाचंही लक्ष नळाकडे राहत नाही. वाढणाऱ्या मावशींचे हात आधी. रोज एका मुलाला साबणाची जबाबदारी द्या, संपला की सांगायचं काम त्याचं. मोठ्यांपेक्षा हे काम मुलं चोख करतात.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळेत-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती मुलाला जरूर द्या. गोळी पोटातले जंत मारते, पण नखांत मातीबरोबर अडकलेली अंडी पुन्हा तोंडात गेली की चक्र परत सुरू. सुमन-केमधला 'न' इथं कामाला येतो. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा साबणाने हात धुण्याची सवय लावल्यावर मुलांमधले जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. वर्गातल्या हजेरीत हा आकडा दिसतो.

कामावर

ऑफिसात शिरताना आपण अंगठा लावून हजेरी देतो. तोच अंगठा, जो धुताना राहतो. शेकडो माणसं एकाच काचेवर अंगठा टेकवून गेलेली असतात. हजेरीनंतर आणि डबा उघडण्याआधी हात धुवा, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ. हिंजवडीतल्या चकचकीत ऑफिसांत साबणाचं यंत्र हात पुढे केला की आपोआप चालतं, पण त्यात साबण नसतो, आणि नसल्याचं कोणाला सांगायचं ते कोणालाच माहीत नसतं. बेसिनवर हाउसकीपिंगचा नंबर चिकटवा. फोन स्वच्छतागृहात नेऊ नका. नेलात तर धुतलेला हात पुन्हा त्याच फोनला लागतो आणि सगळं मुसळ केरात. गरम हवेच्या यंत्राखाली हात पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबा. बहुतेक लोक निम्म्यात कंटाळून जीन्सला पुसतात.

भोसरी-चाकणकडच्या शॉप फ्लोअरवर प्रश्न वेगळा. तिथं हात काळेकुट्ट असतात, ग्रीस आणि कटिंग ऑइलने माखलेले, आणि साध्या साबणाला ते दाद देत नाहीत. मग कोणी थिनर वापरतो, कोणी रॉकेल, कोणी भुसा आणि कपड्याची पावडर. मळ निघतो, पण त्याबरोबर कातडीवरचं नैसर्गिक तेलही निघतं, भेगा पडतात, आणि भेगांतून पुन्हा तेच कटिंग ऑइल आत. कामाची पाळी संपल्यावर आधी थोडं खोबरेल किंवा साधं खाद्यतेल चोळा. तेलाने ग्रीस सुटतं. ते चिंधीने पुसून घ्या, मग साबण, मग नखांसाठी मऊ ब्रश. कंपनीने हात धुण्याची रवाळ पेस्ट दिली तर उत्तम, नसेल तर मागा, ती चैन नाही. काम सुरू करण्याआधी हाताला क्रीम लावून ठेवलं की मळ खोल बसत नाही. शिसं किंवा रसायनं हाताळणाऱ्यांनी सॅनिटायझरच्या नादी लागू नये. त्याने रसायन हातावरून जात नाही, फक्त पसरतं.

खानावळी आणि वडापावच्या गाड्यांबद्दल एकच. हातमोजे घातलेला माणूस पैसे घेतो, सुट्टे देतो आणि त्याच हातमोज्याने पाव उघडतो. हातमोजा त्याला जपतो, गिऱ्हाइकाला नाही. पैसे एकाने घ्यावेत, वडा दुसऱ्याने द्यावा. माणूस एकच असेल तर चिमटा वापरावा.

घरी

घरात कधी धुवायचे? शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर, नाक शिंकरल्यावर, कणीक मळण्याआधी, जेवण्याआधी, भरवण्याआधी, कुत्र्यामांजराशी खेळून झाल्यावर, बाहेरून आल्यावर. वाड्यांच्या काळात दारातच मोरी असायची, बाहेरून आलेला माणूस हातपाय धुऊनच आत यायचा. फ्लॅटमध्ये बेसिन जेवणाच्या टेबलापाशी गेलं आणि वाटेत सोफा आला. तुमच्या घरी सोफा आधी लागत असेल तर निदान मुलांना तरी वळसा घालायला लावा.

शौचानंतर बरेच जण फक्त डाव्या हाताला साबण लावतात, उजवा तर 'स्वच्छ' म्हणून सोडून देतात. उजव्या हाताने कडी काढलेली असते, नळ उघडलेला असतो. साबण दोन्ही हातांना.

रविवारी चिकन आणलं की ते नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओटाभर उडतात, बाजूच्या कोथिंबिरीवरही. चिकन थेट पातेल्यात टाका, शिजताना जंतू मरतात. त्यानंतर हात, सुरी, पाट साबणाने. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गिलन बारे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला होता. कच्च्या कोंबडीवर तो सर्रास असतो. त्या वेळी मुख्य संशय पाण्यावर होता, आणि पाणीच खराब असेल तर हात कितीही धुतले तरी भागत नाही, प्यायचं पाणी उकळावंच लागतं. पण ओट्यावरचा जीवाणू ताटात न्यायचं काम हातच करतात.

स्वयंपाकाच्या मावशी चार घरं करून येतात. त्यांना हात धुवायला सांगायचं असेल तर स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी चांगला साबण आणि त्यांच्यासाठी धुतलेला नॅपकिन ठेवा, आणि तोच साबण स्वतःही वापरा. भांड्यांच्या पावडरीकडे बोट दाखवून 'हात धुऊन घ्या हं' म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. मावशी काही बोलत नाहीत, पण धुतही नाहीत.

बेसिनजवळचा नॅपकिन रोज बदला. जुलै-ऑगस्टमध्ये तर तो वाळतच नाही, दिवसभर दमट राहतो आणि संध्याकाळी कुबट वास येतो. त्या वासाच्या नॅपकिनला धुतलेले हात पुसणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. घरात कोणाला जुलाब किंवा डोळे आलेले असतील तर त्याचा नॅपकिन वेगळा.

बाळ बघायला येणाऱ्यांना हात धुवायला सांगणं अनेक आज्यांना अवघड जातं, पाहुण्यांचा अपमान होईल म्हणून. मी त्यांना व्हिएन्नाची गोष्ट सांगते. १८४७ मध्ये तिथल्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करतात त्या विभागात बाळंतिणी तापाने फार दगावतात, सुइणींच्या विभागात कमी. डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतपणाला यायची. सेमेलवाइस यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये मृत्यूंचं प्रमाण १८ टक्क्यांवर होतं, जून-जुलैत ते दोनच्या आसपास आलं. तेव्हा डॉक्टरांनाही अपमान वाटला होता. पाहुण्यांना दारातच म्हणावं, "या, बाळ उठलंय, हात धुऊन घ्या म्हणजे मांडीवर देते." मांडीवर बाळ मिळणार म्हटल्यावर सगळे धुतात.

सॅनिटायझर कधी

पीएमपीच्या बसमधून उतरलात, आसपास नळ नाही, अशा वेळी. लेबलवर अल्कोहोल ६० टक्क्यांहून जास्त आहे ना ते पाहा. ओंजळीच्या खळग्यात भरेल इतकं घ्या, चारच थेंब नको, आणि सुमन-के याही वेळी, हात आपोआप कोरडे होईपर्यंत. वीसेक सेकंद तरी ओले राहिले पाहिजेत. हात मळलेले किंवा तेलकट असतील तर उपयोग नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला त्याचा फारसा धाक नाही आणि जंतांच्या अंड्यांना तर अजिबात नाही, तिथं साबण-पाणीच. गॅसजवळ, निरांजन लावताना, फटाके उडवताना सॅनिटायझर लावू नका, ते पेट घेतं. लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

गुरुवारी पाणी नसेल तेव्हा

महापालिकेने दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की घरात पहिला बळी हात धुण्याचा जातो. आदल्या रात्री एक झाकणाची बादली आणि एक तांब्या फक्त हातांसाठी बाजूला काढा. बादलीत हात बुडवायचे नाहीत, पहिल्या माणसानंतर ते पाणी सगळ्यांच्या हातांचं होतं. एकाने तांब्याने थोडं पाणी घालावं, दुसऱ्याने हात ओले करून साबण लावून पाढा म्हणावा, मग मनगटापासून बारीक धारेने धुवावं. एका माणसाला अर्धा लिटर पुरतं. पाणी घालणाऱ्याने आपले हात शेवटी धुवावेत, आणि त्याबरोबर तांब्याचा काठही, कारण दिवसभर सगळ्यांनी तो तिथंच धरलेला असतो.